मेट्रनबाईंचं पथ्य

या प्रवासात कुणाचंही पोट बिघडणार नाही, असं मेट्रनबाईंनी विमान सुटण्याआधीच जाहीर करून टाकलं. कुणाचंही म्हणजे त्यांचं स्वतःचं आणि शेजारी बसलेल्या वहिनींचं. पण त्यांचा आवाज वॉर्डात कमावलेला. पलीकडच्या सीटवरच्या माणसाला वाटलं, सगळ्या विमानाचीच जबाबदारी या बाईंनी घेतली आहे. त्याने अर्धं खाल्लेलं सँडविच गुपचूप कागदात गुंडाळून पिशवीत ठेवून दिलं.

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुद्दा काही उतरला नव्हता. गल्लीत, बँकेत, वाण्याकडे त्या मेट्रनबाईच. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी राहिल्या, आणि भाऊ गेल्यावर त्या घरात दोघीच उरल्या, त्या आणि वहिनी. दोघींमध्ये मिळून एक मुलगा. वाढवला दोघींनी, आई म्हणायचा एकीला आणि घाबरायचा दुसरीला. तोच आता परदेशात नोकरीला होता, आणि त्याच्याचकडे दोघी निघाल्या होत्या.

वहिनींचा स्वभाव अगदी उलटा. समोर येईल ते खायचं आणि पचेल तसं पचवायचं. विमानात जेवणाचा ट्रे आला तेव्हा त्यांनी आपला संपवला आणि नणंदेच्या ट्रेकडे बघितलं.

"वन्सं, तुम्ही हे कापलेलं फळ खाणार नाही ना?"

"कुणी कापलं, कुठल्या सुरीने कापलं, केव्हा कापलं, काही माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग मी खाते," असं म्हणून वहिनींनी ते खाल्लं.

मेट्रनबाईंच्या या कडकपणाला लोक हसायचे, पण घरातलं कुणी हसत नसे. थोरले भाऊ, म्हणजे दादा, एकदा कामानिमित्त परगावी गेले होते. उन्हाचे दिवस होते, तहान लागली, जिथे मिळालं तिथे पाणी प्यायले. येताना कावीळ घेऊन आले. बहिणीच्याच इस्पितळात, तिच्याच वॉर्डात त्यांना ठेवलं. तिने होतं नव्हतं ते सगळं केलं, आणि तरी एका सकाळी त्या खाटेवरची चादर तिलाच बदलायला लागली. भाचा तेव्हा शाळेत होता. त्या दिवसापासून त्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मेट्रनबाईंनी दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही.

असा हा मुलगा विमानतळावरून दोघींना घरी घेऊन आला, स्वयंपाकघरात गेला, नळाखाली पेला धरला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घटाघटा प्यायला.

"आत्या, इथे सगळे नळाचंच पितात."

"सगळे पितात म्हणून तर वॉर्ड भरतात," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि बॅगेतून आपली विजेची किटली काढली.

त्या दिवसापासून किटली बंद म्हणून झाली नाही. पिण्याचं पाणी उकळलेलं, चूळ भरायचं पाणी उकळलेलं. फळ खायचं तर साल स्वतः काढून. कोशिंबिरीला नकार. बर्फाचं नाव नाही. एकदा भाचा दोघींना बाजारातल्या एका हॉटेलात घेऊन गेला. लिंबाचं सरबत आलं, त्यात बर्फ. मेट्रनबाईंनी खुणेने सांगितलं, बर्फ काढा. वेटर भला माणूस. त्याने तिथल्या तिथे दोन बोटांनी बर्फाचे खडे उचलून काढले. मेट्रनबाईंनी डोळे मिटले. मग खुणेने सांगितलं, पेला बदला. त्याने आतून स्वच्छ पेला आणला, आणि तेच सरबत त्यात ओतून मोठ्या अदबीने त्यांच्यासमोर ठेवलं. शेवटी ते सरबत वहिनी प्यायल्या. त्यांना काही झालं नाही. त्यांना काही होत नसे, आणि याचा मेट्रनबाईंना मनातून थोडा रागच होता.

घरात सूनबाई होती. तिथलीच मुलगी. लग्न कचेरीत सह्या करून झालेलं. ना इकडचं कुणी होतं, ना तिकडचं. दोघींनी ते हळूहळू मनाला लावून घेणं सोडलं होतं, पण सूनबाईच्या आईने सोडलं नव्हतं. एकुलती मुलगी, नवरा गेलेला. जावयाशी ती बाई बोलायची ती दाराआडून बोलल्यासारखी. सूनबाई कष्टाने मराठी शिकत होती. क्रियापदं तिला भेटायची तशी ती वापरायची, पण मन लावून बोलायची.

एके दिवशी ती म्हणाली, "रविवारी माझी आई जेवायला बोलावते आहे. सगळ्यांना. पहिल्यांदा."

भाच्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि भीती एकदमच आली. वहिनींनी लगेच कुठलं पातळ नेसायचं ते ठरवलं. मेट्रनबाईंनी भाच्याला गॅलरीत घेतलं.

"हे बघ, त्यांना आधीच सांगून ठेव. पाणी उकळलेलं लागेल. भाज्या शिजवलेल्या. गार काही नको, उघड्यावर ठेवलेलं काही नको. अन्न वाफाळतं असेल तरच मी खाईन."

"आत्या, असं कसं सांगू मी त्यांना? आधीच त्या माझ्यावर..."

"सांगायला काय लागतं? शब्दच तर आहेत."

आता त्या पोराच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? ज्या सासूने पहिल्यांदा घरी बोलावलं, तिला फोन करून सांगायचं की तुमच्या हातचं आमच्या आत्याला चालत नाही? त्याने ऑफिसमधून निघताना रस्त्यातच फोन लावला आणि जरा सौम्य करून सांगितलं. आत्याची तब्येत नाजूक असते, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, साधं, गरम, शिजवलेलंच अन्न.

"किती नाजूक?" सासूने विचारलं.

"बरीच," तो म्हणाला. संभाषण लवकर संपावं एवढीच त्याची इच्छा होती.

"पण बऱ्या होतील ना?"

यावर त्याने एक लांब सुस्कारा सोडला. तो सुस्कारा आपल्याला खोटं बोलायला लागतंय याचा होता. पण फोनवर सुस्कारा ऐकू येतो, त्याचं कारण ऐकू येत नाही. पलीकडे शांतता पसरली. मग सासूबाई इतक्या मऊ आवाजात "समजलं" म्हणाल्या, की त्याला वाटलं, चला, काम झालं.

रविवारी विहीणबाईंच्या घरासमोर गाडी थांबली, तर फाटकाशी चाकांची एक खुर्ची तयार होती. तिच्यामागे सूनबाईचे मामा उभे. हा एवढा मोठा माणूस. मेट्रनबाई गाडीतून एक पाय खाली ठेवतात न ठेवतात तोच त्याने त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद खुर्चीत बसवलं. विहीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. ऊन चांगलं तापलेलं होतं.

मेट्रनबाई गोंधळल्या. मोठ्या पाहुण्याला इथे असंच आणत असतील, असं त्यांनी ठरवलं.

खुर्चीमागून दोघींच्या पिशव्या सांभाळत चालणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मुलाची आई मी आहे. मला का नाही खुर्ची?"

"तुम्हाला परत जाताना बसवतील," मेट्रनबाईंनी समजूत घातली.

खरं म्हणजे ती खुर्ची होती सूनबाईच्या आजीची. विहीणबाईंची ती म्हातारी आई दारातच काठीवर भार देऊन उभी होती आणि पाहुणीला आपल्या खुर्चीतून येताना बघून तिचे डोळे भरून आले होते. मेट्रनबाईंना वाटलं, किती अगत्य.

अंगणात टेबल मांडलं होतं. मेट्रनबाईंच्या पुढ्यात वाफाळतं सूप आलं, मऊ भात आला, उकडलेल्या भाज्या आल्या. बाकीच्यांसाठी टेबलाच्या मध्यावर निरनिराळी भांडी होती, आणि सगळ्यात मानाच्या जागी काचेचं एक मोठं वाडगं. त्यात उकडलेले बटाटे, अंडी आणि वर पांढरा दाट रस असं गार सॅलड. सूनबाईने हळूच सांगितलं, "आईची खास. खूप वेळ करते."

मेट्रनबाईंनी त्या वाडग्याकडे बघितलं आणि मनात म्हणाल्या, बरं झालं सांगून ठेवलं ते.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने जेवायला सुरुवात केली. त्यांची पद्धत म्हणजे घास सावकाश चावायचा. सूप जरा निवलं तसं त्यांनी ते पुन्हा गरम करून आणायला सांगितलं. पाणी आलं, पण उकळी फुटलेली त्यांनी पाहिली नव्हती, म्हणून ते परत पाठवलं. प्रत्येक वेळी विहीणबाई स्वतः उठून आत जात आणि हसतमुखाने परत येत. आणि गंमत म्हणजे दुसरं कुणीच जेवत नव्हतं. मामा हातावर हात ठेवून बसले होते. आजी त्यांच्याकडे एकटक बघत होती. मेट्रनबाई चमचा तोंडाकडे नेत तसे सगळ्यांचे डोळे चमच्याबरोबर वर जात, आणि घास गिळला की सगळे श्वास सोडत. वहिनींनी एकदा भाकरीसारखा दिसणारा पाव उचलायला हात पुढे केला, पण आजूबाजूला बघून मागे घेतला.

"वन्सं, लवकर आटपा," त्या पुटपुटल्या. "भूक लागलीय मला."

"पाहुण्याचं झाल्याशिवाय खात नसतील हे."

"मग मीही पाहुणीच आहे ना?"

ऊन टेबलावर सरकत सरकत त्या काचेच्या वाडग्यापर्यंत आलं. पांढऱ्या रसाला कडेने पिवळसर साय धरू लागली. एक माशी त्यावर उतरली, फिरली, उडाली, पुन्हा उतरली. मेट्रनबाईंची नजर तिच्यावर होती. इतक्या वर्षांची सवय.

तेवढ्यात आजी काठी टेकत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन बोलू लागली. भाषा कळायचा प्रश्न नव्हता. पण वॉर्डात मेट्रनबाई एक गोष्ट शिकल्या होत्या. म्हातारं माणूस बोलत असलं की त्याच्याकडे बघायचं आणि मान हलवायची. त्यांनी मान हलवली. आजीने काहीतरी विचारलं. मेट्रनबाई शांतपणे हसल्या. आजीने पुन्हा काही विचारलं, जरा खालच्या आवाजात. मेट्रनबाईंनी तिचा हात थोपटला. टेबलाभोवती कुणीतरी हुंदका दिला. म्हातारीने विचारलं होतं, भीती वाटते का. आणि मग विचारलं होतं, मला वाटते, मी काय करू. हे मेट्रनबाईंना पुष्कळ नंतर कळलं. म्हणाल्या, उत्तर तरी बरोबर दिलं गेलं.

सूप संपल्यावर विहीणबाईंनी खुर्ची स्वतः ढकलत आतल्या खोलीत नेली. बरोबर दुभाषी म्हणून सूनबाई आणि काय चाललंय ते बघायला वहिनी. विहीणबाई गुडघ्यांवर बसल्या, मेट्रनबाईंच्या मांडीवर हात ठेवला आणि रडत रडत बरंच काही बोलल्या.

सूनबाईने डोळे पुसले. "आई म्हणते, मी तुमच्या मुलावर राग होती. माझी मुलगी घेतली म्हणून. आज राग संपली. तुम्ही काळजी नको. तुमच्यानंतर ती त्याची आई होईल."

वहिनी ताडकन पुढे आल्या. "अहो, आई मी आहे. मी कुठे चाललेय?"

"माझ्यानंतर म्हणजे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"तुम्ही जाणार, म्हणून."

"हो, जाणार. पुढच्या आठवड्यात. तिकीट काढलेलं आहे."

सूनबाई कासावीस झाली. तिने शब्द शोधला, सापडला नाही, म्हणून बोट छताकडे केलं. "वर."

"वरच्या मजल्यावर?"

"आणखी वर."

मग हळूहळू मेट्रनबाईंना सगळं दिसू लागलं. खुर्ची, शाल, चमच्यामागे फिरणारे डोळे. त्यांनी भाच्याला हाक मारली, आणि ती हाक अशी होती की तो शाळेतल्या मुलासारखा येऊन उभा राहिला.

"काय सांगितलंस तू यांना?"

त्याने सगळं सांगितलं. सुस्काऱ्यासकट. मग तसंच मराठीत, भरभर, सासूकडे न बघता म्हणाला, "आत्या, पाया पडतो. आज एवढं निभावून ने. त्या पहिल्यांदा माझ्याशी धड बोलल्यात. पुढे मी सांगेन की औषध लागू पडलं, बरी झालीस. आता खरं सांगितलंस तर त्या परत कधी..."

वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. सूनबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा आईकडे बघत होती. तिचं मराठी कच्चं होतं, पण एवढं कळण्यापुरतं पुरेसं होतं. तिचा चेहरा उतरला.

मेट्रनबाईंनी त्या परक्या बाईकडे बघितलं. ती अजून गुडघ्यांवरच होती. आपल्यासाठी सबंध सकाळ चुलीपाशी उभी राहिलेली, आपण उगाच परत पाठवलेलं पाणी हसत हसत पुन्हा उकळून आणणारी. वॉर्डात त्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगत, चांगली सांगत, पण खोटी कधी सांगितली नव्हती. दादांच्या वेळी वहिनींनाही नाही.

त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीतून उठल्या. विहीणबाई त्यांना सावरायला धावल्या, तर मेट्रनबाईंनीच त्यांना हात देऊन उभं केलं आणि चालत अंगणात आल्या. मामा धडपडत उठले. आजीने तोंडावर हात नेला.

"मी बोलते तसं सांग," त्या सूनबाईला म्हणाल्या. "एक शब्द गाळू नकोस. मी ठणठणीत आहे. मला कुठलाही आजार नाही. पथ्य डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, माझं मीच लावून घेतलंय. माझा भाऊ बाहेरचं पाणी पिऊन गेला. तेव्हापासून मला दुसऱ्याच्या हातचं काही घ्यायची भीती वाटते. तुमच्या घराचा त्यात काही दोष नाही. मुलाने माझी भीती झाकायला खोटं सांगितलं. चूक त्याची आहे, पण ती माझ्यामुळे झाली."

सूनबाई अडखळत बोलत गेली. विहीणबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. शेवटी आजीच काहीतरी म्हणाली.

"आजी विचारते," सूनबाई म्हणाली, "मग तिची खुर्ची परत मिळेल का?"

मामांनी खुर्ची आणून आजीला बसवलं. बिचारी मघापासून काठीच्याच आधाराने वावरत होती.

विहीणबाई टेबलाशी गेल्या. त्यांनी ते काचेचं वाडगं उचललं, मेट्रनबाईंच्या समोर ठेवलं, शेजारी चमचा ठेवला आणि एकच वाक्य बोलल्या. सूनबाईने भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती.

मेट्रनबाईंनी वाडग्याकडे बघितलं. किती वेळ उन्हात आहे ते त्यांना माहीत होतं. कडेची पिवळी साय दिसत होती. वॉर्डात हे कुणी आणलं असतं तर त्यांचा आवाज तीन मजले ऐकू गेला असता. त्यांनी मान वर करून भाच्याकडे बघितलं. तो खाली बघत उभा होता, दादा उभे राहायचे तसाच, एका पायावर भार देऊन.

त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला.

चव चांगली होती, हीच तर पंचाईत. बटाटा मऊ, आंबटपणा बेताचा. त्यांनी दुसरा चमचा घेतला. विहीणबाई उभ्या होत्या. तिसरा घेतला. तेव्हा विहीणबाईंनी खुर्ची ओढली, समोर बसल्या, स्वतःचा चमचा घेतला आणि त्याच वाडग्यात दुसऱ्या बाजूने घातला. मग कुठे अंगणात जीव आला. सगळे एकदम बोलायला लागले, भांडी इकडून तिकडे फिरू लागली, वहिनींनी एकदाचा पाव उचलला. आणि भुकेजलेले मामा, भाचा, सूनबाई सगळ्यांचे हात त्या सॅलडकडे वळले.

मेट्रनबाईंनी झटकन वाडगं आपल्याकडे ओढलं आणि त्याभोवती हाताचं कुंपण घातलं.

"हे मला," त्या म्हणाल्या.

"आत्या, थोडं तरी दे."

"एक चमचाही नाही. तू तो भात खा. गरम करून खा."

मंडळी हसली. मामांनी टाळी वाजवली. विहीणबाई लाजून लाल झाल्या. आपण केलेलं कुणाला इतकं आवडावं, हे त्यांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्या खुशीत त्यांनीही चमच्यामागून चमचे खाल्ले. त्यांना मात्र मेट्रनबाई थांबवू शकल्या नाहीत. स्वतःच्या हातचं खाऊ नका, असं कुठल्या तोंडाने सांगणार? तेवढं त्यांच्या वाट्याला कमी यावं म्हणून मेट्रनबाई स्वतः जास्त भराभर खात राहिल्या. दोघींनी मिळून वाडगं रिकामं केलं. निघताना विहीणबाईंनी जावयाचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याला काहीतरी म्हटलं, आणि परत येताना गाडी चालवणाऱ्या त्या पोराने घराचं वळण दोनदा चुकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंच्या पोटात कळ आली. ड्यूटीची वेळ झाल्यासारख्या त्या उठल्या आणि संडासात गेल्या. बाहेर आल्या, पुन्हा गेल्या. काल भर अंगणात ठणठणीत असल्याची ग्वाही दिलेली, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. नाश्त्याला त्या ताठ बसल्या.

"वन्सं, तुमचा रंग उडालाय," वहिनी म्हणाल्या. कालच्या पावाच्या, भाताच्या आणि आणखी कशाकशाच्या जोरावर त्या टवटवीत होत्या.

"झोप नाही झाली."

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. आईचा फोन आला म्हणून सूनबाई सकाळीच तिच्याकडे गेली होती, ती आईलाच घेऊन आली होती. विहीणबाई पांढऱ्याफटक. चालताना भिंत धरत होत्या. त्यांनी मेट्रनबाईंकडे बघितलं, मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळलं. संडासाच्या दाराकडे दोघी एकदमच वळल्या. मेट्रनबाई थांबल्या आणि त्यांनी विहीणबाईंना पुढे जाऊ दिलं. पुढे कुणी त्यांना या प्रवासातला सगळ्यात मोठा त्याग विचारला असता तर त्यांनी हाच सांगितला असता.

दुपारपर्यंत दोघी एकाच पलंगावर होत्या. मेट्रनबाई स्वतः आडव्या असूनही विहीणबाईंना मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या, चमचा चमचा, घाई न करता. विहीणबाई लहान मुलासारखं तोंड उघडत होत्या. मध्येच चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं, तेव्हा विहीणबाईंनी पेला काढून घेतला आणि त्यांना पाजलं. मेट्रनबाईंना आठवेना, आपल्याला असं कुणी पाजल्याला किती वर्षं झाली. बहुधा आईने. त्या तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या.

तिथे बघता बघता त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. सॅलड टेबलावर आलं तेव्हा गार होतं, ताजं होतं. बाई किती निगुतीने करत असेल ते चवीवरूनच कळत होतं. सगळे वेळेवर जेवले असते तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. ते उन्हात राहिलं, कारण सगळे एका बाईचं सूप संपायची वाट बघत बसले होते. आणि ती बाई सूप पुन्हा पुन्हा गरम करायला पाठवत होती.

संध्याकाळी दोघींना जरा हुशारी आली. सगळे पलंगाभोवती जमले होते. विहीणबाईंनी मेट्रनबाईंचा हात धरून काहीतरी विचारलं.

"आई विचारते," सूनबाई म्हणाली, "तुम्ही नर्स आहे. तुम्हाला माहीत असेल. हे कशामुळे झालं?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. भाचा तर विशेष. उत्तर त्यालाही ठाऊक होतं. आत्या आता काय बोलते याचीच त्याला काळजी होती. जन्मभर मेट्रनबाईंनी या प्रश्नाचं उत्तर भांड्यासकट आणि वेळेसकट दिलं होतं. दोषी माणूस समोर उभा असला तरी दिलं होतं.

"विमानातलं जेवण," त्या म्हणाल्या.

सूनबाईने आईला सांगितलं. विहीणबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"पण आई विमानात बसली नाही."

"मी बसले होते ना. माझ्या पोटात होतं, माझ्याकडून त्यांना लागलं. सांग त्यांना, मीच घेऊन आले."

आणि हे बोलताना त्यांना वाटलं, आपण अगदीच काही खोटं बोललो नाही.

विहीणबाईंनी ते ऐकलं. थोडा विचार केला. मग मोठ्या मनाने मेट्रनबाईंच्या हातावर थोपटलं आणि सावकाश, समजावणीच्या सुरात बरंच बोलल्या. सूनबाई भाषांतर करायला कचरत होती.

"सांग ना," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आई म्हणते, तिने माफ केलं. तुम्ही मनाला लावू नको." सूनबाई थांबली. "पण म्हणते, पुढच्या वेळी जेवायच्या आधी साबण घेऊन हात धुवा. नीट. बोटांच्या मध्ये पण."

वहिनींनी पदर तोंडात कोंबला आणि त्या खोलीबाहेर गेल्या. त्यांचं हसणं स्वयंपाकघरातून ऐकू येत राहिलं. भाचा खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते.

मेट्रनबाई उशीला टेकून बसल्या. तीन पिढ्यांच्या नर्सना त्यांनी हात धुवायला शिकवलं होतं. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. लक्षात ठेवीन."